तीन नंबरची पेटी

११ जानेवारी

प्रिय ठकू,

तू माझ्या घरात राहायला आलीस हे कळलं. तुझ्या रक्ततपासणीच्या लॅबने तुझी बदली नेमकी याच गावात केली, म्हणजे त्यांनाही माझ्या मधमाश्यांची काळजी असणार. घराला अडीच वर्षं कुलूप होतं आणि परसातल्या एक आणि दोन नंबरच्या पेट्या आपल्या आपण जगल्या, हे मी बराकीत चौघांना वाचून दाखवलं. एकाने विचारलं, मग मध कुठाय. त्याला इथे येऊन सहा वर्षं झाली, त्याचं डोकं आता एवढंच चालायचं.

आता काम. पेटी दुपारी उघड, ऊन असताना. पत्र्याच्या डब्याला बुडाशी भोक पाड, आत गोणपाट जाळ, वरून ओला पाला. धूर गार हवा. हातावर घेऊन बघ, चटका बसला तर माश्यांनाही बसेल.

खायला कमी असेल तर जॅमची बाटली घे. झाकणाला बारीक खिळ्याने सात-आठ भोकं. साखर आणि पाणी सारखं, नुसतं विरघळव, उकळू नकोस. बाटली उलटी केलीस की चार थेंब पडून थांबायला हवी. ती पेटीच्या आत, पोळ्यांच्या चौकटींवर ठेवायची. वजनाला बॅगा तोलायचा काटा आहे. तो पेटीच्या एका बाजूला अडकव, पेटी जेमतेम उचल, आकडा दुप्पट कर.

शेडमध्ये फळीवर माझी वही आहे. शेजारी काचेची बरणी आहे. तीत तीन नंबरच्या मेलेल्या माश्या आहेत. बरणीला हात लावू नकोस. तो पुरावा आहे. कोर्टाने बघितला नाही, म्हणून काय झालं.

कुंपणापलीकडचा शिंपी, तो मास्तर, दुकान चालवतो का ते कळव. त्याने माझ्या तीन नंबरवर औषध मारलं, मी त्याचा एक डोळा घेतला. कोर्टाला फक्त डोळा दिसला. सुटकेच्या समितीने मनावर घेतलं तर मी जूनमध्ये सुटेन. मग त्याचं उरलेलं बघू.

मी सुतारकामाच्या शेडमध्ये आहे. काल एकाने दुसऱ्याच्या तोंडावर रंधा मारला. आम्ही भुसा चाळून तीन दात शोधले. चौथा सापडला नाही.

पत्र वाचणाऱ्या साहेबांस: वर लिहिलेला पाक साखरेचाच आहे.

तुझा,
दादा

३ फेब्रुवारी

दादा,

पहिल्याच दिवशी डोळ्याखाली चावली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या बाईने मलाच विचारलं, तुम्हाला काय झालंय. सुई घेऊन समोर उभ्या असलेल्या, एक डोळा मिटलेल्या बाईला कोणी हात देत नाही. त्या दिवशी मी नुसत्या चिठ्ठ्या लिहिल्या.

बाटली जमली. पहिल्या झाकणाची भोकं मोठी झाली आणि चौकटींवर पाक सांडला, तो चाटायला अर्ध्या तासात सगळी पेटी वर. दुसरं झाकण सुईने पाडलं. एक नंबर एकोणीस किलो. दोन नंबर अकरा. दोन नंबर अशक्त आहे. तुझी वही मी जेवताना वाचते. तुझं अक्षर तुझ्यासारखंच आहे, ओळ सोडून दुसऱ्याच्या अंगावर जातं.

मास्तरांचं दुकान उघडं असतं. त्यांच्या बायकोने मी आले त्याच दिवशी माझ्या पायावर बादली ओतली. धुण्याचं पाणी होतं, उकळतं. आता फोड वाळलेत. तिला तेवढा हक्क आहे.

पेट्यांच्या दाराखाली पांढरी चादर पसरून रोज मेलेल्या माश्या मोजते. दिवसाला वीस-पंचवीस. वहीत तू 'यात काळजी नाही' असं लिहिलंयस, म्हणून करत नाही.

ठकू

२० फेब्रुवारी

प्रिय ठकू,

पायाला फोड आले आणि तू म्हणतेस तिला हक्क आहे. लहानपणी कुत्रं चावलं तेव्हाही तू म्हणाली होतीस, आपणच त्याच्या घरात गेलो. त्या बाईला मी लक्षात ठेवलंय.

दोन नंबर अशक्त आहे तर बाटल्या भरत बसू नकोस. माझा एक शोध आहे, कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. मोठं पसरट ताट घे. त्यात काचेच्या गोट्या पसर, म्हणजे माश्या बुडत नाहीत. वरून पाक ओत आणि ताट उघड्यावर, पेट्यांच्या मधोमध ठेव. सगळ्या एका ताटात जेवतात. मी केलं तेव्हा दोन दिवसांत एक आणि दोन नंबरचं वजन असं वाढलं की मी ते लाल पेनाने लिहिलं. तीन नंबरचं वाढायच्या आत त्या हरामखोराने औषध मारलं आणि प्रयोग अर्धा राहिला. तू पूर्ण कर. मात्र जेव्हा बाहेर फुलं नसतील तेव्हाच कर, नाहीतर माश्या ताटाकडे बघणार नाहीत.

मी इथे चौकटींचे नमुने करतोय. एक जण त्यातल्या एकावर बसला. मी त्याचं बोट शिकंज्यात धरलं आणि दांडा दोनदा फिरवला. तो म्हणत होता, चुकून बसलो. असेल. वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज येईल असं वाटलं होतं. ओली मोडल्यासारखा आला. साहेब, हे तुम्हाला ठाऊक आहे, शिक्षा झाली आहे.

समितीची पहिली बैठक झाली. विचारलं, पश्चात्ताप होतो का. मी म्हटलं, होतो, दुसरा डोळा राहून गेला. साहेब भला माणूस, त्यांनी ते लिहून घेतलं नाही. म्हणाले, पुढच्या वेळी विचार करून ये. विचार काय करायचा. मी बरोबर होतो हे कबूल करत नाहीत तोवर मी चूक होतो म्हणणार नाही.

दादा

१५ मार्च

दादा,

तुझं ताट केलं. काय झालं ते क्रमाने लिहिते.

फुलं संपली होती. सोमवारी ताट ठेवलं, दोन किलो साखर. दुपारपर्यंत काळंभोर झालं. मी दाराशी बसून बघत होते आणि तुझं कौतुक वाटलं, हे आधी सांगून ठेवते. मंगळवारी तसंच. बुधवारी मला लॅबमध्ये उशीर झाला. घरी आले तेव्हा ताट कोरडं होतं आणि परसातून घरघर येत होती, मिक्सर लावल्यासारखी.

सगळ्या दोन नंबरवर तुटून पडल्या होत्या. दारासमोर डोलत होत्या, पाय लोंबकळत. थेट आत शिरत नव्हत्या, फटी हुंगत होत्या. फळीवर दोघी-दोघी एकमेकींना मिठी मारून गडगडत खाली पडत होत्या, पोटं वाकवून डंख शोधत. एकीने दुसरीचा पंख मुळापासून तोडला आणि तो तोंडात धरून उभी राहिली. राखणदारणींना चारचारजणी पायांना धरून ओढत होत्या. दारातून मेणाचा भुगा गळत होता. आत घरं फोडणं चाललं होतं.

मी जाळीचा बुरखा घालायचं विसरले. दार ओल्या फडक्याने बंद केलं, एकच माशी जाईल एवढं ठेवलं, पेटीवर ओली चादर टाकली. एकोणतीस डंख. उलटी झाली. मग तुझ्या वहीच्या अकराव्या पानावरचा प्रयोग केला, जो तू उतरवून घेतलास पण केलेला दिसत नाही. दोन नंबरमधून बाहेर पडणाऱ्यांवर गव्हाचं पीठ भुरभुरलं आणि एक नंबरच्या दाराशी जाऊन बसले. पीठ लागलेल्या तीस मी मोजल्या. तिसाच्या तीस एक नंबरमध्ये शिरल्या. शेजारीण शेजारणीला लुटत होती.

चादरीवर चारशे साठ मेलेल्या. मी दिवसभर रक्तातल्या पेशी मोजते, मोजणी चुकत नाही.

तुझी वही काढली. सहा ऑगस्ट, ताट. सात ऑगस्ट, ताट. आठ ऑगस्ट, एक नंबर चार किलो वाढ, दोन नंबर तीन किलो वाढ, लाल पेनाने. नऊ ऑगस्ट, तीन नंबर मेली. आठ तारखेला तीन नंबरच्या वजनाचा रकाना रिकामा आहे. नऊलाही. वजन केलं नव्हतंस का?

ठकू

२९ मार्च

ठकू,

रकाना रिकामा आहे कारण नऊ तारखेला मी माणूस फोडायला गेलो होतो, वजन करायला नाही.

तू पाक घट्ट केला असशील. ताट सावलीत ठेवलं नसशील. उशीर झाला म्हणतेस, तिथेच चुकलं. आणि हे कशावरून की त्याने परत औषध मारलं नाही? दोन नंबर कुंपणालगत आहे. हात लांब केला की पोचतो. माझ्यासमोर तो म्हणाला होता, एक दिवस औषध मारीन, माझ्या गिऱ्हाइकांना चावतात. हे कोर्टातही त्याने नाकारलं नाही. माझी बहीण माझ्या घरात राहून, माझी वही वाचून, माझी उलटतपासणी घेते. तुझ्या लॅबमध्ये माणसाचं रक्त बघून तो खरं बोलतो की खोटं ते कळतं का?

माझ्याबरोबरचा गवंडी पुढच्या आठवड्यात सुटतोय. तुमच्या गावावरून जाणार आहे. त्याला म्हटलं, मास्तरांकडे शिवायला टाक. त्याला मापं नीट घेता येतात. तू त्या दिवशी दुकानाकडे जाऊ नकोस.

बरणीला हात लावलास का?

दादा

१४ एप्रिल

दादा,

बरणीला हात लावला. लॅबमध्ये नेली, दुपारच्या सुट्टीत भिंगाखाली धरली. सत्त्याण्णव माश्या बघितल्या. औषधाने मेलेल्या माशीची जीभ बाहेर लोंबते. हे तूच वहीत लिहिलंयस. सत्त्याण्णवांत एकीची बाहेर होती. एकेचाळीस जणींचे पंख चावलेले. सहा जोड्या एकमेकींत डंख अडकून तशाच वाळल्यात, चिमट्याने सुटल्या नाहीत. तीन नंबरला कोणी औषध मारलं नाही. ती एक आणि दोन नंबरने लुटली. त्यांना लुटायला तुझ्या ताटाने शिकवलं.

आता जे लिहिलं नव्हतं ते. जानेवारीपासून मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी मास्तरांच्या सुया ओवून देते. एका डोळ्याला सुई किती लांब आहे ते कळत नाही. ते दोरा तिच्या अलीकडे ओवतात. वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवते, त्यांना दिवसभर पुरतात. बायको आत असते, बाहेर येत नाही. आता बादली ओतत नाही.

तू पट्टी घेऊन कुंपण ओलांडलंस तेव्हा ते शाळेच्या गणवेशाला काज करत होते. तू विचारलं नाहीस, त्यांना उठू दिलं नाहीस. चौकटी सोडवायच्या लोखंडी पट्टीचं वाकडं टोक डोळ्यात घातलंस आणि चौकट सोडवतात तसं उचकटलंस. हे मला त्यांनीच सांगितलं, मी विचारलं म्हणून. आवाज न चढवता.

ताटाचं मी त्यांना तुझ्याआधी सांगितलं. बराच वेळ ते काजावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझा डोळा साखरेत गेला म्हणा." मग कपाटातून औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. सील तसंच. "आणली होती, ताई. खोटं कशाला बोलू. रोज काढायचो, बघायचो, परत ठेवायचो. धीर होत नव्हता. तुमच्या भावाला वाटलं ते अगदीच हवेतलं नव्हतं."

तुझा गवंडी मंगळवारी सकाळी आला. मी बाराव्या सुईवर होते. आधी गोड बोलला. "मास्तर, मापं द्यायची राहिलीत म्हणे तुमची." मास्तर म्हणाले, मापं मी घेतो, देत नाही. त्याने त्यांचा उजवा तळहात टेबलावर दाबला आणि गरम इस्त्री वर ठेवली. आपटली नाही. ठेवली, आणि वर कोपराने भार दिला. मास्तरांच्या तोंडून नुसती हवा येत होती. कापड जळल्यासारखा वास आला, मग तसा राहिला नाही.

कापडाची मोठी कात्री माझ्या हाताशी होती. मी रोज माणसांच्या शिरा शोधते, दादा. मांडीत मोठी कुठून जाते ते मला माहीत आहे. मी पहिल्यांदा टोक तिच्यावरच धरलं. त्याने खाली बघितलं आणि हसला. मग मी ते चार बोटं बाहेरच्या बाजूला घेतलं आणि मुठीपर्यंत आत घातलं. तो भिंतीला धरून रस्त्यापर्यंत गेला. दुकानभर रक्त होतं, मास्तरांच्या बायकोने पुसलं. ती आणि मी एकाच बादलीत फडकी पिळत होतो.

इस्पितळात मास्तरांनी सांगितलं, "डोळा एकच, इस्त्री दिसली नाही." मी बाहेर येऊन विचारलं, खोटं का बोललात. म्हणाले, "तुमच्या भावाची शिक्षा वाढली की तुम्ही इथेच राहणार, तुम्ही राहिलात की माश्या राहणार. मला एवढं सगळं नको." मग म्हणाले, "आणि खरं सांगितलं तर तो सुटल्यावर परत येईल. मी दमलोय, ताई."

ते खोटं बोलले, मी बोलणार नाही. तुझी पत्रं तुझ्याआधी साहेब वाचतात. त्यांनी वाचावं म्हणूनच हे लिहिते आहे. साहेब, मागच्या पत्रातली मापं म्हणजे ही. गवंड्याला माझ्या भावाने पाठवलं. माझ्या कात्रीचं मी स्वतः चौकीवर जाऊन सांगून आले आहे.

जून टळला तर टळू दे.

ठकू

२ जून

ठकू,

तुझं पत्र मला साहेबांनी स्वतः आणून दिलं. मी वाचत असताना ते उभे राहिले. वाचून झाल्यावर मी शेडमध्ये गेलो आणि केलेल्या बारा चौकटींपैकी अकरा मोडल्या. बाराव्या चौकटीने एकाच्या डोक्यात मारलं. त्याने काही केलं नव्हतं. जवळ होता. त्याला सात टाके पडले. मला एकट्याच्या कोठडीत वीस दिवस.

तिथे लिहायला काही देत नाहीत. मी वजनं घोकत बसलो. एक नंबर चार, दोन नंबर तीन. सात किलो. बाहेर एक फूल नव्हतं आणि ताटात मी दोन किलो साखर घातली होती. उरलेलं कुठून आलं? हे गणित मला त्या दिवशीही येत होतं.

आता तू जे विचारलं नाहीस ते सांगतो. नऊ तारखेला तीन नंबरच्या दाराखाली मेणाचा भुगा होता. मूठभर. मी बघितला. त्याचा अर्थ मला कळतो, पंधरा वर्षं माश्या पाळल्यात. मी आधी तो भुगा झाडला, नीट, केरसुणीने, फटीतलासुद्धा. मग माश्या बरणीत भरल्या. मग पट्टी घेऊन कुंपण ओलांडलं. या क्रमाने. मला कोणाला तरी मारायचं होतं, आणि ताटाला डोळा नसतो.

पावणेतीन वर्षं मी हे स्वतःला सांगितलं नाही. खोटं बोलत होतो असंही नाही. झाडलेलं झाडलेलंच राहिलं.

समितीसमोर गेलो तेव्हा तुझं पत्र टेबलावर होतं, त्यावर शिक्का. विचारलं, गवंड्याला तुम्ही पाठवलं? हो म्हटलं. मग पेटी पेटीला कशी लुटते ते सांगितलं. पाऊण तास लागला. एक म्हातारे सदस्य म्हणाले, ताट कसलं, जेवणाचं? समितीतल्या बाईंनी विचारलं, म्हणजे शिंपी निर्दोष होता? हो म्हटलं. मग म्हणाल्या, आता हे कळल्यावर, सुटलात तर त्यांच्या केसालाही धक्का लावणार नाही ना?

सगळे खाली बघून लिहायच्या तयारीत होते. हो म्हणायचं होतं फक्त.

मी म्हटलं, सांगता येत नाही. खरं तेच आहे, ठकू. आधी राग होता कारण त्याने माश्या मारल्या. आता आहे कारण त्याने मारल्या नाहीत. हा आधीच्यापेक्षा मोठा आहे. त्याचा चेहरा डोळ्यासमोर आला की तो मला काहीच बोलत नाही, आणि मला त्याला परत हाणावंसं वाटतं. मला त्या कुंपणापाशी सोडू नका, म्हटलं. त्यांनी पेनं खाली ठेवली. सुटका रद्द झाली. गवंड्याच्या प्रकरणाचा खटला वेगळा चालेल.

तुझ्यावरही राग आहे. तो साधा आहे, तो जाईल. पण गवंड्याच्या मांडीचं वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. टोक शिरेवर धरलं होतंस. आपण एकाच घरातले.

साहेबांनी इथल्या बागेत भोपळे लावलेत. फूल येतं, फळ धरत नाही, गळून जातं. त्यांनी विचारलं, एखादी पेटी मिळेल का. मी म्हटलं, माझी बहीण मला पेटी देणार नाही. म्हणाले, विचारून तर बघ. म्हणून विचारतो.

दादा

१२ जून

दादा,

तुझं पत्र मास्तरांना वाचून दाखवलं. भुग्याचंही. त्यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाले, "ते झाडल्याचं परत वाचा." परत वाचलं. त्यांची बायको दारात येऊन उभी होती. मास्तर म्हणाले, "बरं." मग मशीन सुरू केलं. तळहाताची कातडी आखडली आहे, कात्री धरता येत नाही. कापून मी देते, रविवारी. वाकडं कापते. ते काही बोलत नाहीत, गिऱ्हाइकं बोलतात.

बरं वाटलं, असं पुन्हा मला लिहू नकोस. त्या टोकाचं मला रोज आठवतं. कोणाच्या दंडाला पट्टा बांधला की आठवतं. माझी पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकील म्हणतो, शिरेचं कोर्टात बोलू नका. विचारलं तर बोलणार.

शिक्षा संपली की या घरी येऊ नकोस. घर तुझं आहे हे मला माहीत आहे. तेव्हा दुसरीकडे खोली बघ, मी मदत करीन. भेटायला मी येईन. पुढच्या आठवड्यात येते आहे, साहेबांनी वेळ दिली आहे.

त्याच दिवशी टेम्पोतून एक नंबरची पेटी येईल. दोन नंबर इथे राहील, ती आता सावरते आहे. नीट वाच आणि तसंच कर. पेटीचं दार मी जाळीने बंद केलेलं असेल. आल्या आल्या उघडू नकोस. बागेच्या कडेला, तोंड मोकळ्या बाजूला करून, दोन विटांवर ठेव. तासभर काही करू नकोस. मग जाळी काढ आणि बाजूला हो. दारासमोर पालेदार फांदी आडवी ठेव, म्हणजे बाहेर पडताना त्यांना कळेल की जागा बदलली आहे आणि त्या वळून बघतील. पाक लागला तर बाटलीनेच द्यायचा, पेटीच्या आत. बाहेर एक थेंब सांडला तरी धुऊन टाक. मरतील त्या चादरीवर मोज आणि दर रविवारी मला आकडा कळव. भुगा दिसला तर भुगा दिसला असं लिही.

धुराचा डबा पेटीबरोबर आहे. बुरखा आहे. लोखंडी पट्टी साहेब देणार नाहीत आणि मीही पाठवणार नाही. लाकडाची पाचर करून घे.

हातमोजे मी सामानातून काढून घेतलेत. मोजे घातले की माश्या बोटांखाली चिरडतात आणि माणसाला कळत नाही. उघड्या हातांनी चौकट उचल, हळू. चावतील. डंख नखाने खरवडून काढ आणि दुसरी चौकट घे.

ठकू